मसाला न घातलेलं कॅसरोल

निर्मलामावशींच्या ओव्हनमध्ये तवे असत. दोन तवे, एक कढई, चार झाकणं आणि पाहुणे आले की लागणारं मोठं पातेलं. लेस्टरमधल्या आमच्या रस्त्यावरच्या बहुतेक देशी घरांत तेव्हा हेच होतं. गॅसच्या शेगडीखाली आयता ओव्हन मिळालेला. त्याचं काय करायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि दार लावता येणारी एवढी मोठी लोखंडी पेटी रिकामी ठेवणं आमच्या आयांना शक्य नव्हतं.

मावशी माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत. निर्मला गजभिये, मूळच्या नागपूरच्या, आमच्या शेजारच्या घरात राहायच्या. आई होजिअरीच्या कारखान्यात दुपारपाळीला जायची, म्हणून शाळा सुटली की मी त्यांच्याकडे. शाळेतही त्याच दिसायच्या, कारण त्या आमच्याच शाळेत डिनर लेडी होत्या. दुपारचं जेवण वाढायचं, टेबलं पुसायची, भांडी आत न्यायची, हे त्यांचं काम.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ती लपवून मावशींबद्दल चांगलं-चांगलं लिहीत बसलो तर तो आणखी एक खोटेपणा होईल. नऊ वर्षांचा असताना मी त्यांच्याबद्दल एक खोटं बोललो. पाच इंग्रजी शब्दांचं. ते कोणी सांगितलं हे त्यांना पुढची बेचाळीस वर्षं कळलं नाही, आणि मला एक दिवसही विसरता आलं नाही.

मावशी उंचीने इतक्या बेताच्या की वाढायच्या खिडकीमागे उभं राहण्यासाठी त्यांनी दुधाच्या बाटल्यांचा एक क्रेट उलटा घालून ठेवला होता. साडीवर निळा ओव्हरऑल, पायात काकांचे लोकरी मोजे. काका म्हणजे त्यांचे यजमान, शहरातली बस चालवायचे. ते जितके अबोल, तितक्या मावशी स्पष्ट. कोणाच्याही घरी जेवायला गेल्या की पहिला घास गिळून त्या निकाल सांगायच्या. "हळद कच्ची राहिली." "डाळीला घाई केली." एकदा एका लग्नात त्यांनी नवरीच्या आईलाच सांगितलं की वांगं आतून दगड आहे, आणि पदर खोचून आत जाऊन सगळं पातेलं पुन्हा शेगडीवर चढवलं.

आई त्यांना म्हणायची, "निर्मला, अगं, अशानं लोक बोलावणार नाहीत तुला."

"नको बोलावू देत. घरी जेवीन. शिजलेलं तरी असेल."

अशा बाईला रोज दुपारी आमच्या शाळेचं कॅसरोल वाढावं लागायचं.

ते कॅसरोल मी अजून विसरलेलो नाही. करड्या पाण्यात मटणाचे करडे तुकडे, वर थिजलेल्या चरबीचे गोल, तळाशी गाजर आणि स्वीड नावाचा पिवळट कंद, दोन्ही इतके उकडलेले की चमचा लागताच विरघळायचे. चव म्हणाल तर ओल्या लोकरीची. मंगळवारी आणि शुक्रवारी ते असायचं. पोरं दोन घास गिळून ताट मागे सारायची, आणि मावशी ती ताटं उचलताना तोंड असं करायच्या की जणू कोणी त्यांचाच अपमान केला आहे.

मुख्य स्वयंपाकीण होत्या मिसेस ब्रेंडा पार्किन. बाई वाईट नव्हती. थंडीत माझे हातमोजे हरवले तेव्हा तिनेच स्वतःच्या मुलाचे जुने आणून दिले होते. पण तिला अल्सर होता, ती दिवसभर क्रीम क्रॅकर खायची, आणि जे शिजवायची ते कधीही चाखायची नाही. वरून आलेल्या कागदावर लिहिलेलं असेल तितकं मटण, तितकं पाणी, तितके तास. कागद पाळला की जेवण झालं.

मावशींना असिस्टंट कुक व्हायचं होतं. जागा रिकामी होती. मिसेस पार्किन म्हणायची, "बघू या, मिसेस जी." गजभिये हे नाव तिच्या जिभेवर कधी बसलंच नाही. "तुम्हाला इंग्लिश जेवण जमायला पाहिजे."

हे "जमायला पाहिजे" मावशींनी मनावर घेतलं, आणि त्याचे परिणाम मी भोगले.

पहिलं कॅसरोल त्यांनी प्रेशर कुकरमध्ये केलं. ओव्हन तव्यांनी भरलेला, आणि मटण म्हटलं की त्यांच्या हाताला कुकरच माहीत. मटण, गाजर, स्वीड, बटाटा, सगळं एकदम, आणि पाच शिट्ट्या. झाकण काढलं तर आत एकसंध काहीतरी होतं. मी ते खाल्लं, कारण मावशी समोर बसल्या होत्या.

"कसं आहे?"

"शाळेसारखंच."

त्यांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला. पुढच्या आठवड्यात तीन शिट्ट्या झाल्या, मग दोन. दर शनिवारी नवं कॅसरोल, आणि मी आणि त्यांची लहानगी संगीता ते खाणारे. संगीताने तर रडून शनिवारी आजारी पडायला सुरुवात केली.

मग मावशी लायब्ररीत गेल्या. इंग्लिश पाककृतींचं एक जाडजूड पुस्तक आणलं, शेजारी शब्दकोश ठेवला आणि पेन्सिलने ओळीखाली बोट धरत वाचत बसल्या. त्या दिवशीचा त्यांचा चेहरा मला स्पष्ट आठवतो. दारातूनच ओरडल्या, "अरे बाप्पा, हे तर आपल्यासारखंच आहे! मटण आधी लालसर परतायचं लिहिलंय. कांदा पण. मग ओव्हनमध्ये तीन तास. यांचंच पुस्तक, अन् यांनाच माहीत नाही!"

ओव्हन गरम करायला लावला आणि अर्ध्या तासाने घरभर जळक्याचा वास पसरला. एक तवा मागे राहून गेला होता, त्याची काळी मूठ वितळून खाली टपकत होती. काकांनी सगळ्या खिडक्या उघडल्या. मावशी म्हणाल्या, "जाऊ द्या, जुना होता," आणि दुसऱ्या शनिवारी ओव्हन पार रिकामा करून पुन्हा उभ्या राहिल्या.

मटण थोडंथोडं करून परतलं. कांदा तर इतका वेळ, इतक्या मंद आचेवर, की मला झोप यायला लागली. मूठभर बार्ली, कुटलेली मिरी, तमालपत्र, शेवटी चमचाभर व्हिनेगर. मी विचारलं, "मसाला?"

"नाही. त्याला त्याचीच चव येऊ दे. मसाला घातला तर ती बाई म्हणेल, शेवटी करीच करून ठेवली. मला कॅसरोलच करून दाखवायचंय. तिच्यापेक्षा बरं."

ते कॅसरोल कसं होतं हे सांगायला माझ्याकडे तेव्हा शब्द नव्हते. संगीताने तीनदा मागून घेतलं. काका म्हणाले, "हं." काकांच्या तोंडून जेवणाबद्दल आलेला तो सर्वांत लांब अभिप्राय.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत मिसेस पार्किनला फ्लू झाला. दुसरं कोणी मिळालं नाही, आणि शुक्रवारचं पातेलं मावशींच्या हातात आलं. त्या सकाळी सहालाच घरून निघाल्या, असं आई म्हणाली. एवढ्या पोरांसाठी मटण परतायला वेळ लागतो.

दुपारी हॉलमध्ये शिरलो तेव्हा वास वेगळा होता. खिडकीमागे मावशी क्रेटवर उभ्या, गाल लाल, प्रत्येकाच्या ताटात डाव रिकामा करताना त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. मला वाढताना त्यांनी भुवया उडवल्या. पोरं खात होती. खरंच खात होती. मग आमच्या टेबलावरच्या गॅरीने नाक वर केलं आणि विचारलं, "हे आज वेगळं का लागतंय?"

एवढंच. त्याने वाईट भावनेने विचारलं नव्हतं. पण टेबलावरची सगळी माझ्याकडे बघायला लागली, कारण मावशी माझ्या शेजारच्या हे सगळ्यांना माहीत होतं. आदल्याच आठवड्यात कोणीतरी माझ्या कोटाचा वास घेऊन नाक दाबलं होतं. मला त्या पोरांच्या बाजूचं व्हायचं होतं. मी म्हणालो, "शी'ज पुट करी इन इट."

पुढचं फार वेगाने झालं. कोणीतरी चमचा टाकला, कोणीतरी थुंकलं, दुसऱ्या टेबलावर बातमी गेली. एक शिक्षिका आली, मग हेडमास्तर आले. कागदात नसलेलं काही मुलांच्या पोटात जायला नको, असं ठरलं. मावशी "नो मसाला, सर, ओन्ली अनियन" असं तीनतीनदा सांगत होत्या. कोणी चाखून पाहिलं नाही. पातेलं मागच्या दाराने नेऊन रिकामं केलं आणि आम्हाला ब्रेड आणि चीज मिळालं.

सोमवारी मिसेस पार्किन आली, तिने ऐकलं, आणि मावशींना आत भांडी धुवायला लावलं. त्या सिंकपाशी त्या अकरा वर्षं होत्या.

पण माझ्या मनावर जे ओझं आहे ते त्या दुपारचं नाही, त्याच शुक्रवारच्या संध्याकाळचं आहे. मी नेहमीसारखा त्यांच्याकडे गेलो. त्यांनी डब्यात एक वाडगाभर वाचवून आणलं होतं. गरम करून माझ्यासमोर ठेवलं.

"तू तरी खा. कोण्या पोरानं सांगितलं म्हणे मसाला आहे. लागतो का रे यात मसाला?"

"नाही."

"मग काऊन सांगितलं असेल?"

मी वाडगा पुसून खाल्ला. चव अप्रतिम होती. 

मी मोठा झालो, इथल्याच एका हॉस्पिटलच्या फार्मसीत लागलो, आई गेली, काका गेले, संगीता लग्न होऊन मँचेस्टरला गेली. मावशी त्याच घरात राहिल्या. दर बुधवारी माझी अर्धी सुट्टी असते, म्हणून मी त्यांना गाडीतून वस्तीतल्या वयस्क मंडळींच्या लंच क्लबला न्यायचो. लोक म्हणायचे, किती करतो शेजारणीसाठी. मी गाडी सुरू करायचो.

त्या क्लबातच मिसेस पार्किनही यायची. शहाऐंशी वर्षांची, हातात काठी. अल्सरचं दुखणं औषधांनी केव्हाच गेलं होतं आणि ती आता सगळं चवीने खायची. दोघी वेगवेगळ्या टेबलांवर बसायच्या आणि लांबून मान हलवायच्या.

दोन वर्षांपूर्वी क्लबच्या स्वयंपाकिणीने काम सोडलं आणि प्लास्टिकच्या ट्रेमधून बाहेरचं जेवण यायला लागलं. तिसऱ्या बुधवारी ट्रे उघडला, तर आत कॅसरोल. करडं. मावशींनी एक घास घेतला, ट्रे मागे सारला आणि उभ्या राहिल्या. सत्त्याहत्तर वर्षांची ती ठेंगणी बाई इंग्रजीत म्हणाली, "पुढच्या बुधवारी मी शिजवते. चाळीस माणसांचं. कॅसरोल."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिसेस पार्किन हसून म्हणाली, "पण या वेळी करी पावडर नको हं, मिसेस जी, माय डक!" आमच्या शहरात जुनी माणसं सगळ्यांनाच प्रेमाने डक म्हणतात. तिच्या बोलण्यात खोच नव्हती. तिला ते खरंच वाटत होतं, इतकी वर्षं.

मावशी म्हणाल्या, "मी घातली नव्हती."

"जाऊ दे ना, किती जुनी गोष्ट!"

"घातली नव्हती," मावशी पुन्हा म्हणाल्या आणि खाली बसल्या. गाडीत बसताना त्या तेच तिसऱ्यांदा म्हणाल्या. तेव्हा मला कळलं की त्यांच्या लेखी ती गोष्ट मुळीच जुनी नव्हती. ती नोकरी सुटली, निवृत्तीही झाली, पण त्या एका पातेल्यात मसाला नव्हता हे सिद्ध करायचं राहिलं होतं.

पुढच्या बुधवारी मी अख्खी सुट्टी घेतली. सकाळी आठला आम्ही क्लबच्या स्वयंपाकघरात होतो. मी कांदे चिरत होतो, मावशी ते परतत होत्या. कांद्याने डोळे वाहत होते, आता तरी बोलावं असं वाटलं, आणि मी बोललो.

"मावशी, ते मी सांगितलं होतं. शाळेत. करी घातली म्हणून."

कांदा परतताना मावशींनी गॅस बंद केलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

"तू? गॅरी नाही? नाक वर करून आधी तोच बोलला होता, मी खिडकीतून पाहिलं."

"गॅरीने फक्त विचारलं होतं. उत्तर मी दिलं."

"त्या पोराचं भाजीचं दुकान आहे ना रे कोपऱ्यावर! बेचाळीस वर्षं मी त्याचं तोंड पाहिलं नाही. लांबच्या दुकानातून गाजरं वाहून आणते मी, या गुडघ्यांनी!"

"हो."

"अन् त्याच संध्याकाळी माझ्या घरात बसून वाडगा पुसून खाल्लास?"

"हो."

"काऊन?"

"मुलं म्हणाली असती, माझ्याही घराला तसाच वास येतो."

"येतच होता. माझ्या घराला येत होता, तुझ्या आईच्या घराला येत होता. मग?"

 मी सुरी खाली ठेवली. "मी मिसेस पार्किनला आत्ताच्या आत्ता फोन करून सांगतो."

"खबरदार!" डाव माझ्या नाकासमोर आला. "आधी सांगितलं तर ती दया म्हणून खाईल. मला तिची दया नको. ती खाऊ दे, मग सांग. अन् सगळ्यांसमोर सांग, आता मला सांगितलंस तसं पुटपुटत नको." गॅस पुन्हा पेटला. "अजून सहा किलो कांदा आहे. तो तूच चिर. एकट्यानं."

बारा वाजता हॉल भरला. मावशींनी स्वतः वाढलं. मिसेस पार्किनसमोर ताट ठेवलं आणि तिथून हलल्या नाहीत. हात ओव्हरऑलच्या खिशात घालून उभ्या. म्हातारीने चमचा उचलला, खाल्लं, थांबली. पुन्हा खाल्लं.  पाच मिनिटं सगळं टेबल तिच्याकडे बघत होतं आणि ती ताटाकडे. शेवटी ब्रेडने रस्सा टिपून घेतला आणि मान वर केली. डोळे भरले होते.

"माझ्या आईचं असं असायचं. रविवारी, चॅपलहून आल्यावर. मला ते कधी जमलं नाही. काय घातलंय यात?"

"ओन्ली अनियन," मावशी म्हणाल्या. "आणि तीन तास. तेव्हाही हेच होतं."

मिसेस पार्किनच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "त्या शुक्रवारीही?"

आता माझी पाळी होती. मी उभा राहिलो. पुटपुटलो नाही. त्या दिवशी मी काय बोललो आणि का बोललो, ते चाळीस माणसांसमोर सांगितलं. मसाला नव्हता, मला माहीत होतं, मी ते आधी खाल्लं होतं.

"यू लिटल सॉड," मिसेस पार्किन म्हणाली. लहान पोराला घालावी तशी शिवी, एक्कावन्न वर्षांच्या माणसाला. हॉलमध्ये हशा पिकला. ती मात्र हसली नाही. काठीवर भार देत उठली आणि मावशींकडे वळली. "हा तर पोर होता. मी मुख्य स्वयंपाकीण होते. पातेलं टाकून दिलं होतं, पण तुम्हाला मी पुन्हा करायला सांगू शकले असते. एक चमचा चाखू शकले असते. चाखायला हवं होतं मी."

मला वाटलं, मावशी आता म्हणतील, असू द्या, झालं-गेलं. तशी रीत आहे.

"हो," मावशी म्हणाल्या. "चाखायला हवं होतं."

 मग मिसेस पार्किनने ताट पुढे केलं. "अजून आहे?"

"आहे," मावशी म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. सगळ्या टेबलांवरून ताटं पुढे यायला लागली. एकेकाला विचारत, दटावत, "गाजर सोडू नका" म्हणत त्या हॉलभर फिरल्या. परत जाताना त्यांनी मला गॅरीच्या दुकानापाशी गाडी थांबवायला लावली, आत जाऊन चार किलो गाजरं घेतली आणि त्या गोंधळलेल्या गृहस्थाचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. कारण सांगितलं नाही.

मला त्यांनी माफ केलं की नाही, हे मी कधी विचारलं नाही. दर बुधवारचे कांदे मात्र माझ्याकडेच राहिले.

दीड वर्ष त्यांनी ते स्वयंपाकघर चालवलं. मग गुडघे अगदीच थकले, संगीता येऊन त्यांना मँचेस्टरला घेऊन गेली, आणि गेल्या हिवाळ्यात मावशी तिथे झोपेतच गेल्या. मी मँचेस्टरला जाईन, जाईन म्हणत राहिलो. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यांच्या इथल्या अखेरच्या बुधवारी.

त्या दीड वर्षात एक रिवाज पडला होता. वाढायच्या आधी मिसेस पार्किन काठी टेकत आत यायची, आणि मावशी तिच्यासमोर चमचा धरायच्या. ती चाखायची, मान डोलवायची, मगच पातेलं बाहेर जायचं. त्या दिवशीही ती आली. चाखलं, जीभ टाळूला लावून विचार केला.

"मीठ थोडं कमी आहे, मिसेस जी."

मावशींनी तिच्या हातातून चमचा घेतला, स्वतः चाखलं. घाई केली नाही.

"मीठ आहे तेवढं पुरे," त्या म्हणाल्या. "तुमची जीभ म्हातारी झाली, ब्रेंडा."

त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो. ब्रेंडा पार्किन तोंडावर हात ठेवून मुलीसारखी हसायला लागली. मावशींनी मला पातेलं उचलायची खूण केली, डाव खांद्यावर टाकला आणि पाठीने दार ढकलून, मागे वळून न पाहता, वाढायला गेल्या.